बेडकांची मोजदाद भर उन्हाळ्यात नको

मा. पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पहिला पाऊस पडला की रात्री टॉर्च घेऊन येऊरच्या जंगलाच्या वाटेला लागणारे काही ठाणेकर आहेत, मी त्यांतलाच एक. मागणी एकच आहे.

खाणीच्या पर्यावरण परवानगीसाठी जी माहिती गोळा करतात, ती सहसा एकाच हंगामाची, आणि तोही पावसाळा वगळून. प्राणी-वनस्पतींची नोंदही त्यातच उरकते. धूळ मोजायला कोरडा हंगाम ठीक. पण एप्रिलच्या उन्हात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळी पठारावर, फिरून बेडूक दिसणार कसा? तो कातळाच्या भेगेत दडलेला. मग परवानगीसाठीच्या अहवालात येते, ‘महत्त्वाची प्रजाती आढळली नाही’. खोटे कुणीच लिहिलेले नसते, ही त्यातली गंमत.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीचा टोड घ्या, बेडकाचाच भाऊबंद. जेमतेम अंगठ्याएवढा, अंगावर पिवळे पट्टे. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याला नाव मिळाले ते २००९ साली. आज तो धोक्यातल्या प्रजातींत गणला जातो. सुरुवातीच्या सरींनी जांभ्याच्या कातळावर बोटभर खोलीचे खळगे भरले की नर ओरडू लागतात आणि माद्या त्याच पाण्यात अंडी घालतात. पावसाने ओढ दिली तर खळगा आटतो, अंडी वाळून जातात. म्हणजे त्याला गाठायचे तर त्याच दिवसांत, रात्री. असा सडा महसुली दप्तरात बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून पडलेला, आणि सह्याद्रीत कित्येक ठिकाणी त्याच्याच पोटात बॉक्साइट, अ‍ॅल्युमिनियमचे खनिज.

बरे, सगळ्या जाती आपल्याला ठाऊक आहेत असेही नाही. २०१७ मध्ये केरळ-तामिळनाडूच्या घाटांतून रातबेडकांच्या ७ नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या काही नखावर मावतील एवढ्या. नाव मिळण्याआधीच आपल्याकडची एखादी खाणीखाली गेली, तर कळणारसुद्धा नाही. पारसिकचा डोंगर दगडखाणींनी आमच्या डोळ्यांदेखत पोखरला. तिथल्या ओहोळांत पूर्वी कोण ओरडायचे, हे आता विचारायचे कुणाला?

म्हणून विनंती अशी: पर्यावरण परवानगीचे अर्ज तपासणारी राज्य तज्ज्ञ मूल्यमापन समिती सह्याद्रीतल्या प्रकल्पांच्या अभ्यासाच्या अटी ठरवते, तेव्हा पहिल्या पावसानंतरची रात्रीची पाहणी सक्तीची करावी. सोबत आवाजाचे रेकॉर्डिंग मागवावे. बेडूक दिसण्याआधी ऐकू येतो, आणि जातीगणिक हाक वेगळी असते. पाहणीला बेडकांचा जाणकार हवा. ‘उभयचर: सामान्य’ असा शेरा मारून मोकळे होणारा सल्लागार नको.

वर्ष वाया जाईल, असे अर्जदार म्हणतील. फार तर काही महिने जातील. खाण पुढे वर्षानुवर्षे चालते. आणि हा विषय वनखात्याचा, असे उत्तर कृपया येऊ नये. अहवालाच्या अटी वनखाते ठरवत नाही.

परिपत्रक मे संपण्याआधी निघाले, तर येत्या जूनचा पाऊस हाताशी लागेल.

आपला,
एक ठाणेकर