तंजावूरच्या ऑडिओ वॉकबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : तंजावूर शहराच्या ऑडिओ वॉकची मराठी आवृत्ती सदोष असल्याबद्दल

महोदय/महोदया,

मागच्या महिन्यात मी आणि माझी आई तंजावूरला गेलो होतो. जाण्याआधी तुमच्या ॲपवरून तिथल्या ऑडिओ वॉकची, म्हणजे फोनवर माहिती ऐकत पायी फिरण्याच्या सफरीची, मराठी आवृत्ती विकत घेतली. एका खरेदीत एकच फोन चालतो म्हणून दोघींसाठी दोनदा पैसे भरले. जाहिरातीत लिहिलं होतं की गाईडची गरज नाही, घाई नाही, मराठ्यांच्या राजधानीत मराठीतून फिरा. परत आल्यावर ॲपमधल्या चॅटवर तक्रार केली. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे’ एवढं बोलून ते संभाषण आपोआप बंद होतं. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट वेळेची. तुमच्या मार्गाची सुचवलेली सुरुवात सकाळी साडेदहाला राजवाड्यातून होते आणि शेवट बृहदीश्वराच्या देवळात. राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, मग रस्त्यानं पायी देऊळ, असं तुम्ही सांगाल तसं आम्ही चालत गेलो. पोहोचलो तेव्हा दरवाजे बंद होत होते. हे देऊळ दुपारी बंद असतं आणि चारच्या सुमारास उघडतं, हे तंजावूरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. तुमच्या ॲपला ते माहीत नाही. बंद दारासमोर उन्हात उभं असताना कानात बाई गोड आवाजात सांगत होत्या, ‘आता पादत्राणं काढा आणि आत प्रवेश करा.’ आई सत्तरी ओलांडलेली आहे. रिक्षा करून हॉटेलवर परत गेलो आणि संध्याकाळी पुन्हा आलो. मार्ग नुसता उलटा केला असता, म्हणजे सकाळी देऊळ आणि नंतर राजवाडा, तरी हा हेलपाटा वाचला असता.

डाउनलोड केल्यावर नेट लागत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. प्रत्यक्षात दर थांब्याला ॲप पुन्हा लॉगिन मागतं, आणि देवळाच्या प्राकारात, म्हणजे भिंतींच्या आतल्या आवारात, नेटवर्क येत-जात असतं. शिवाय थांबा जवळ आला की आवाज आपोआप सुरू होणार होता, तो सुरू झाला तो बाहेरच्या रस्त्यावर, बसच्या हॉर्नमध्ये. यावर जास्त लिहीत नाही. तांत्रिक दोष तुम्ही दुरुस्त कराल अशी थोडीफार आशा आहे.

माझी खरी तक्रार आवाजातून जे सांगितलं जातं त्याबद्दल आहे.

बृहदीश्वराच्या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही, असं तुमच्या ऑडिओत ठासून सांगितलं आहे, ‘आजही शास्त्रज्ञांना न उलगडलेलं कोडं’ अशी पुस्ती जोडून. हे आम्ही संध्याकाळी पाचच्या सुमारास प्राकारात बसून ऐकत होतो. बसलो होतो त्या विमानाच्याच सावलीत. साठ मीटरच्या आसपास उंचीचं दगडी बांधकाम आहे, सूर्य कलला की सावली पडणारच. दंतकथा सांगायला माझी हरकत नाही, आम्हालाही आवडतात. पण दंतकथा म्हणून सांगा.

आणि त्या देवळाला अशा कोड्यांची गरज काय? राजराज चोळानं ते बांधून घेतलं, आणि आपल्या कारकिर्दीच्या २५व्या वर्षी, २७५व्या दिवशी शिखरावरचा तांब्याचा कळस दिला, असं तिथल्याच शिलालेखात आहे. म्हणजे इसवी सन १०१०. विमानाच्या पायथ्याला फिरून पाहिलं तर भिंतीच्या भिंती तमिळ अक्षरांनी भरलेल्या आहेत. कोणी काय दान दिलं, दागिन्यांची वजनं किती, सगळा हिशेब दगडावर आहे. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणांहून आणलेल्या ४०० नर्तकींची यादी आहे, कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, कुठल्या आळीत कितव्या घरात राहते, याच्यासकट. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (तिकडचं जुनं माप) धान्य. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं आणि पत्ते! आम्हाला तमिळ वाचता येत नाही. ऑडिओ गाईड लागतो तो इथेच. तुम्ही त्या ओळींसमोर आम्हाला उभं केलंत आणि सांगितलंत काय, तर ‘वर पाहा, किती भव्य शिखर’.

तमिळ लेखांचं एक वेळ सोडून देऊ. त्याच देवळात, प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर, मराठीत कोरलेला लेख आहे. भोसले घराण्याचा इतिहास. तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. अक्षरं देवनागरी आहेत आणि मजकूर इतका लांब आहे की भिंतीकडेनं चालत चालत वाचावा लागतो. तुमचा मार्ग त्या कोपऱ्यातल्या गणपतीच्या देवळावरून जातो. तिथे ऑडिओ म्हणतो, ‘इथे थोडी विश्रांती घ्या आणि फोटो काढा.’ मराठी आवृत्ती, मराठी गिऱ्हाईक, दहा पावलांवर मराठी शिलालेख, आणि विश्रांती घ्या!

आम्हाला तो दाखवला एका वयस्क गृहस्थांनी. आम्ही दोघी मराठीत बोलतोय हे ऐकून ते थांबले आणि त्यांच्या वळणाच्या मराठीत गाव विचारलं. तंजावूरचेच, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती भिंतीशी उभी राहून एकेक ओळ लावायला लागली, जिथे अडेल तिथे ते सांगायचे. काही शब्द दोघांनाही लागले नाहीत. दिवे लागेपर्यंत आम्ही तिथेच होतो. या सफरीतला आमचा सर्वांत चांगला वेळ तोच गेला आणि त्यात तुमच्या कंपनीचा वाटा शून्य होता, हे नमूद करते.

आता राजवाड्याबद्दल. तुमच्या सातव्या थांब्यावर पुढील वाक्य आहे, रेकॉर्डिंग सोबत पाठवत आहे : ‘१८५५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज निधन पावले आणि इंग्रजांनी त्यांचं राज्य ताब्यात घेतलं.’ हे ऐकून आईनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. आम्ही साताऱ्याच्या, राजधानीत राहण्याची सवय असलेली माणसं, पण असं ऐकायची सवय नाही. शिवछत्रपती १६८० मध्ये रायगडावर गेले. १८५५ मध्ये वारले ते तंजावूरचे शिवाजीराजे, सरफोजीराजांचे चिरंजीव. त्यांना मुलगा नव्हता आणि कंपनी सरकारनं संस्थान खालसा केलं. तिसऱ्या थांब्यावर तंजावूर शिवाजी महाराजांनी जिंकलं असंही आहे. ते घेतलं व्यंकोजीराजांनी, म्हणजे एकोजींनी, १६७५-७६ च्या सुमारास, आणि ते तिकडे आले होते विजापूरचे सरदार म्हणून. महाराज दक्षिणेत उतरले १६७७ मध्ये, आणि वडिलोपार्जित वाट्यावरून सावत्र भावांची बोलणी फिसकटली. एवढा ताणाचा प्रसंग आयता हाताशी असताना तो सोडून चुकीचं सांगायचं, याला काय म्हणावं?

संपूर्ण वाडा मराठ्यांनी बांधला, हेही तसंच. वाड्याची सुरुवात मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांची, मराठ्यांनी त्यात भर घातली. मराठी गिऱ्हाइकाला खूश करायला सगळं श्रेय मराठ्यांना देण्याची गरज नाही. त्यानं आमचा मान वाढत नाही, आम्हाला अडाणी समजलं जातंय एवढंच कळतं. माझ्या पुढे चाललेलं एक तमिळ कुटुंब तुमचंच ॲप त्यांच्या भाषेत ऐकत होतं. त्यांना काय सांगितलं असेल, हा विचार मनात आलाच.

सरफोजीराजांचं श्रेय जिथे खरोखर आहे तिथे तुम्ही गप्प. इंग्रजांशी झालेल्या १७९९ च्या तहानंतर त्यांच्या हातात किल्ल्यापलीकडे फारशी सत्ता उरली नव्हती. त्या माणसानं सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवायला लावल्या. सरस्वती महालात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. तुमच्या ऑडिओत या थांब्याला एक मिनिटही नाही. ‘राजाला पुस्तकांची फार आवड होती’ आणि पुढे चला. शिवगंगा बागेतलं, सरफोजींचे गुरू असलेल्या मिशनरी श्वार्ट्‌झ यांचं चर्च तर मार्गातच नाही. देवळाला लागूनच ते आहे, आणि आत मरणासन्न गुरूच्या भेटीला आलेल्या तरुण सरफोजींचं संगमरवरी शिल्प आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. दोन्ही खरेदींची संपूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. ॲपमधली कूपनं नकोत. शिवछत्रपतींबद्दलची दोन्ही वाक्यं ताबडतोब काढावीत आणि ज्यांनी ही आवृत्ती आधीच घेतली आहे त्यांना दुरुस्ती कळवावी. मार्गाची वेळ बदलेपर्यंत देऊळ दुपारी बंद असतं ही सूचना खरेदीच्या पानावरच ठळक द्यावी. मराठी शिलालेखाचा थांबा घाला, ही मागणी म्हणून नाही, सूचना म्हणून लिहिते. मजकूर तंजावूरच्याच एखाद्या मराठी जाणकाराकडून तपासून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तुमचं कार्यालय कुठे आहे याची मला अडचण नाही. दोन्ही पावत्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तिसऱ्या व सातव्या थांब्याची रेकॉर्डिंग सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व संपर्क खात्यातील नोंदीप्रमाणे)
सातारा

ता. क. ज्या बाईंचा आवाज आहे त्यांचे उच्चार स्वच्छ आणि वाचन छान आहे. चूक त्यांच्या हाती कागद देणाऱ्यांची आहे, तेव्हा राग त्यांच्यावर काढू नये. आणि ‘तुमची सफर अर्धवट राहिली आहे, आजच पूर्ण करा’ हा संदेश आईच्या फोनवर रोज सकाळी येतो, तो कृपया बंद करावा.