एक चोविसांशाचं भांडण

प्रिय सुमे,

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. परवा कॉलेजात जे झालं ते इथे कुणालाही सांगितलं की 'एवढंच ना?' म्हणतात. म्हणून तुला लिहितेय.

दुसऱ्या वर्षाच्या चाचणीत साइनचा घन गुणिले कोसाइनचा घन, याचं इंटिग्रेशन होतं. गाइडातलं उत्तर तुला पाठ आहे: साइनचा चौथा घात भागिले ४, वजा सहावा घात भागिले ६. माझ्या एका मुलीने आधी घातच घालवले. तो गुणाकार म्हणजे साइन २क्षच्या घनाचा आठवा भाग. मोडला की (३ साइन २क्ष − साइन ६क्ष)/३२. पुढचं तोंडी होतं: −३ कोसाइन २क्ष/६४ + कोसाइन ६क्ष/१९२. किती देखणं! तपासणाऱ्याने शून्य दिलं. का, तर उत्तर जुळत नाही.

मी लॅपटॉप घेऊनच गेले. मॅक्सिमा या गणिताच्या सॉफ्टवेअरात दोन्ही उत्तरांची वजाबाकी टाकली, घात मोडून कोनाच्या पटीत आणणारी ट्रिगरिड्यूस ही आज्ञा चालवली, वर सोपं रूप देणारी रॅटसिंप. उरलं १/२४. क्षचा मागमूस नाही. "हा बघा तुमचा कॉन्स्टंट, एवढाच फरक असला तर दोन्ही उत्तरं बरोबरच," म्हटलं. तर म्हणे, फुकटच्या सॉफ्टवेअरवर कसा विश्वास ठेवायचा? त्याचं कूळ १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या कामातलं आहे, हे सांगूनही ढिम्म. शेवटी पेनाने क्ष शून्य घातला: एकीकडे शून्य, दुसरीकडे −८/१९२. तेव्हा कुठे मार्क मिळाले.

पण मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी गाइडातलंच लिहीन." सुमे, तेव्हापासून मला चैन नाही.

होस्टेलवरचं आपलं भांडण आठवतंय? तू म्हणायचीस, यंत्र उत्तर देतं आणि वाट लपवतं. मी म्हणायचे, वाट माहीत असलेल्याचे कष्ट वाचवतं. नंदूच्या साखरपुड्यात पत्रावळीवर भाताने मेरुप्रस्तार, म्हणजे पास्कलचा त्रिकोण, मांडणारी बाई तू, तुझ्याशी वाद कोण जिंकणार! तुझं अजून मला पूर्ण पटत नाही. पण आता प्रॅक्टिकलला उरलेली मुलं दिसेल त्यावर ट्रिगरिड्यूस दाबतात. साइनचा सहावा घात टाकला की (१० − १५ कोसाइन २क्ष + ६ कोसाइन ४क्ष − कोसाइन ६क्ष)/३२ येतं, ते उतरवतात आणि पुढे जातात. १०, १५, ६, १ कुठून आले, विचारतच नाहीत.

इंटिग्रेशनला हे रूप उत्तमच. पण क्ष ०.००१ ठेवून किंमत काढायला सांगितली, तर साइनचा सहावा घात १०चा −१८वा घात इतका चिमुकला. मोडलेल्या रूपात १० मधून १५ जाणार, ६ मिळणार, १ जाणार. संगणकाचे पंधरा-सोळा अंक त्यातच संपतात आणि हाती कचरा येतो. घाताचं रूप मात्र नीट उत्तर देतं. म्हणजे कोणतं रूप घ्यायचं हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं, आणि ते ठरवणं मुलांचं काम, मॅक्सिमाचं नाही. ट्रिगएक्सपांड उलटी वाटही दाखवतं, पण कुठे जायचंय ते कुणीतरी सांगावं लागतं ना! त्या मुलीने हेच तर केलं होतं, स्वतःच्या डोक्याने, आणि तिलाच आम्ही घाबरवलं.

नव्या घरात पाणी येतंय का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं उरकलं? चिनूचा निकाल कळव.

आणि एक काम कर. काळे सरांच्या तासाला तू फळ्यावर मांडलेलं ते, कोसाइनची दुप्पट म्हणजे झेड अधिक एक भागिले झेड (झेड म्हणजे कोसाइन अधिक आय साइन), त्याचा सहावा घात, १, ६, १५, २०, १५, ६, १ आणि मग टोकाटोकाच्या जोड्या लावणं, ते तुझ्या अक्षरात एका कागदावर लिहून पाठव. खाली तिच्यासाठी दोन ओळी लिही. माझं ती मॅडमचं म्हणून ऐकते, तुझं ऐकेल. पुढच्या चाचणीआधी मिळायला हवं.

तुझी,
शैला