बंदराला समुद्र लागतोच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील जुन्या बंदरांवरचा लेख आवडला. एकच गोष्ट खटकली. बंदर म्हटले की समुद्र किंवा खाडी, हे लेखकाने धरूनच ठेवले आहे. लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा मी डोंगरातले बंदर पाहिले.

डर्बीशायरमधले बग्सवर्थ बेसिन. पीक फॉरेस्ट कालव्याचे हे एक टोक. कालव्याला मंजुरी देणारा कायदा १७९४ चा, अभियंता बेंजामिन आउट्राम, आणि १७९६ मध्ये इथून माल हलू लागला. माल म्हणजे मुख्यतः चुनखडी. वर डव्ह होल्सच्या खाणींतून ती लोखंडी पट्ट्यांच्या वाटेने खाली येई. इंजिन नाही. भरल्या वाघिणी उताराच्या जोरावर उतरत, रिकाम्या परत न्यायला घोडे. एका तीव्र चढावर तर उतरणारी भरली वाघीणच दोराने रिकामीला वर ओढी, आपल्या विहिरीवरच्या दोन पोहऱ्यांसारखी. काही दगड बंदरावरच्याच भट्ट्यांत भाजून त्याचा चुना करत, बाकीचा होड्यांत भरून रवाना.

ती वाट १९२० च्या दशकात बंद पडली. पट्ट्या गेल्या, पण त्यांचे दगडी ठोकळे अजून गवतात ओळीने बसलेले आहेत. प्रत्येकाला मधोमध एक भोक. त्यात लाकडाची खुंटी ठोकून वरून पट्टीचा खिळा मारत. मी बोट घालून पाहिले, तर आत ओली माती आणि एक गोगलगाय. (गावकऱ्यांनी मधल्या काळात गावाचे नाव बदलून ‘बक्सवर्थ’ करून घेतले. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा किंवा ढेकूण, कोणाला आवडेल? बंदराने मात्र जुनेच नाव ठेवले आहे.)

गाळाने भरलेले हे बंदर १९६८ पासून इनलँड वॉटरवेज प्रोटेक्शन सोसायटीच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने उपसले. १९७७ मध्ये ते संरक्षित स्मारक झाले. १९९९ च्या ईस्टरला पाणी सोडून होड्या आत आल्या, आणि बंदर गळायला लागले. पुन्हा बंद. पुन्हा दुरुस्ती. खऱ्या अर्थाने ते सुरू झाले २००५ मध्ये.

मी कालव्यांच्या कामावर ३१ वर्षे काढली, म्हणून माझे मन तिथेच अडकले. त्या काळचे कालवे तुडवलेल्या चिकणमातीच्या थराने पाणी धरत. तो थर ओला आहे तोवर भक्कम. वर्षानुवर्षे कोरडा राहिला की भेगाळतो आणि मग पाणी कुठून जाते ते शोधताना नाकी नऊ येतात. पण उद्घाटन झालेले बंदर ‘गळते’ असे सांगून परत कोरडे करायचे, याला वेगळी छाती लागते. फीत कापून झाली की गळतीला ‘अपेक्षित पाझर’ म्हणायची आमची रीत. तसे टिपण मीही एकदा लिहिले आहे, खाली माझी सही आहे.

आपल्या मालिकेत पुढे बग्सवर्थचा उल्लेख झालाच, तर सुरू झाल्याचे वर्ष कृपया २००५ छापावे. १९९९ हे फीत कापल्याचे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सातारा