हजेरी वॉर्डातली मोजा

संपादक महोदय,

मेडिकलची मुलं वर्गात बसत नाहीत, हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलवर लेक्चर लावून लोळतात, अशी तक्रार करणारं पत्र नुकतंच आपल्या अंकात वाचलं. मी त्याच मुलांतली. सध्या नागपुरात इंटर्नशिप करते आहे. तक्रार खरी आहे, पण राग चुकीच्या ठिकाणी निघाला आहे.

आमची 2020 ची बॅच. कोविडमुळे वर्ग सुरू व्हायला 2021 चा फेब्रुवारी उजाडला आणि मार्चच्या मध्यात नागपुरात पुन्हा लॉकडाउन लागला. अ‍ॅनाटॉमी फोनवर शिकलो, डिसेक्शन हॉलमधला फॉर्मॅलिनचा वास पुढे कधीतरी डोळ्यांत गेला. त्या वेळी ऑनलाइनच्या नावानं बोटं मोडणारे आम्हीच. आज मात्र पॅथॉलॉजी-फार्माकॉलॉजीसाठी आम्ही खुशाल अ‍ॅप उघडतो, कारण कळलं नाही तर मागे नेता येतं, कळलेलं दुप्पट वेगानं पळवता येतं आणि ड्यूटी संपवून रात्री अकरालाही बसता येतं. हॉलमध्ये दीडशे-दोनशे जणांसमोर स्लाइड जशीच्या तशी वाचली जात असेल, तर मागच्या बाकावर कानात इअरफोन जाणारच. थिअरीला 75 टक्के हजेरीचा नियम आहे, म्हणून देह तेवढा हॉलमध्ये असतो. प्रॉक्सीबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं लावलेल्या हजेरीबद्दल, मी इथे बोलत नाही, शिक्षकांनाही ते ठाऊक आहेच.

त्यात नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. सगळे बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा. रुग्णाच्या पोटाला हात लावता येतो का, हे तिथे कोणी विचारत नाही. मग पोरं वॉर्डातून लवकर सटकून लायब्ररी गाठतात. माझं दुखणं हे आहे. लेक्चर बुडाल्याचं मला फारसं काही वाटत नाही.

बालरोग वॉर्डात गडचिरोलीतल्या चामोर्शीकडून आलेलं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एक पोर होतं. आई म्हणाली, ‘‘डाव्या अंगानं पोट कडक लागते जी.’’ प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असते ती) तपासायची पद्धत मला व्हिडिओवरून तोंडपाठ होती, उजवीकडे खालून सुरुवात करायची वगैरे. मी दाबत राहिले आणि पोरगं रडून पोट ताठ करत राहिलं. मॅडमनी माझा हात धरून सैल केला. म्हणाल्या, तू नको दाबू, हात नुसता ठेव, तो श्वास घेईल तेव्हा ती स्वतः खाली येऊन बोटाला लागेल. लागली. हात किती हलका ठेवायचा, ते व्हिडिओत दिसत नाही.

आणि विदर्भातला रुग्ण अ‍ॅपवर भेटतही नाही. सिकलसेल, फवारणीची विषबाधा, साप चावून आधी मांत्रिकाकडे जाऊन आलेला माणूस, बालाघाट-छिंदवाड्याहून रात्रभर प्रवास करून आलेली बाळंतीण हे सगळे आमच्या वॉर्डात असतात. अ‍ॅपवरचे सर दुसऱ्या कुठल्या शहरातून बोलतात, त्यांना ‘पोटात भरल्यावानी वाटते’ कोण सांगणार?

म्हणून एक मागणी आहे. थिअरीची लेक्चर्स आमच्याच शिक्षकांनी, इथल्याच केसेस घेऊन रेकॉर्ड करावीत. हॉलमध्ये भेटायचं ते फक्त शंकांसाठी. वाचलेले तास वॉर्डात द्यावेत आणि तिथली हजेरी कडक घ्यावी, म्हणजे सही करून पळता येणार नाही अशी. एकदा रेकॉर्डिंग झालं की शिक्षकांची रिक्त पदं भरायचीच कशाला, असा शहाणपणा कोणी सुचवेल, ही भीती मलाही आहे. पण उलट एका पलंगाभोवती वीस मुलं उभी राहत असतील, तर शिकवणारे हात जास्तच लागतील. परीक्षेतही वॉर्डातल्या कामाला खरे गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर मुलं वॉर्डातही कानात इअरफोन घालून उभी राहतील.

– एक इंटर्न, मनीषनगर, नागपूर