कोतो नुसती चहापानाची नव्हे

महोदय,

जपानी संगीत म्हटले की आपल्याला मंद, ध्यानस्थ सूरच आठवतात. जपानी वादक मिचियो यागी यांची कोतो (जपानचे लांबट तंतुवाद्य) ऐका आणि मग बोला! किरी नावाच्या झाडाच्या लाकडावर ताणलेल्या तारा, खाली सरकत्या घोड्या; डाव्या हाताने तार दाबली की चक्क आपली मींड. संगीतकार मिचिओ मियागी यांनी १९२१मध्ये घडवलेली १७ तारांची खर्जातली कोतो घेऊन यागीबाईंनी जर्मन वादक पीटर ब्रॉट्झमनच्या सॅक्सोफोनसमोर बेधडक मुक्त जॅझ वाजवला आहे. शिक्षण मात्र पारंपरिकच, तादाओ आणि काझुए सावाई या कोतोवादकांकडे. (पहिल्यांदा ऐकताना घरच्यांनी आवाज कमी करायला लावला, हेही कबूल करतो.) आपल्या संगीतविषयक सदरात अशा वादकांना जागा मिळावी.

— एक वाचक, पुणे