कॅन्सरची लस येईल, पण गाठीचा तुकडा वेळेत निघेल का?

महोदय,

‘कॅन्सरवर लस निघाली’ असे संदेश सध्या आमच्या गुहागर तालुक्यात फोनाफोनी फिरत आहेत. ते वाचून केमो अर्ध्यावर सोडण्याचा विचार कोणी करत असेल, तर कृपया करू नये.

ही लस पोलिओसारखी रोग होण्याआधी टोचायची नाही. काढलेल्या गाठीतले जनुकीय बदल वाचून, ते ओळखायला शरीराला शिकवणारी एमआरएनए (पेशींना प्रथिने बनवण्याची सूचना देणारा रेणू) लस त्या एकाच रुग्णासाठी तयार करतात. मॉडर्ना आणि मर्क या औषध कंपन्यांच्या लसीत असे ३४ पर्यंत बदल घेता येतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या १५७ रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे औषध) जोडीला लस दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. न्यूयॉर्कला स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या १६ रुग्णांना बायोएनटेक या कंपनीची अशीच लस दिली, त्यातल्या ८ जणांच्या प्रतिकारशक्तीने तिला दाद दिली. आकडे लहान आहेत. तरी या आजारात एवढेही आजवर दुर्मीळच होते.

माझी काळजी वेगळी आहे. ही लस गाठीच्या तुकड्यावरून बनते आणि आमच्याकडे तो तुकडाच उशिरा निघतो. मिसरी लावणाऱ्या बाईच्या तोंडातला पांढरा चट्टा कॅन्सरची सुरुवात असू शकतो, पण तो दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढते. आधी गणपती होऊ देत, मग भातकापणी, मग शिमगा. शेवटी मुंबईच्या चाकरमान्याच्या खोलीत मुक्काम आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या. त्यात तुकडा वेळेवर आणि नीट फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारे द्रावण) ठेवला नसेल, तर त्यातला आरएनए (जनुकांची माहिती वाहणारा रेणू) खराब होतो आणि पुढची तपासणी अवघड होते.

अशी लस आपल्या देशात बनणार नाही, असे मला वाटत नाही. पुण्याच्या जिनोव्हाने कोविडची एमआरएनए लस बनवली, २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या, रुग्णाच्याच पेशींपासून बनणाऱ्या कार-टी या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणून शासनाकडे मागणी आहे: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजीची पदे रिकामी राहू देऊ नयेत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत तोंडाची तपासणी ठरल्या वारी नेमाने व्हावी आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) कुठे जपला आहे, हे रुग्णाच्या कागदावर स्पष्ट लिहून द्यावे.

— एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)