जैसलमेरला जा, पण मुक्काम गडाखाली करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पर्यटन पुरवणीत राजस्थानच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. त्यात ‘सोनार किल्ल्यात मुक्काम’ हे आमिष हमखास असतं. जैसलमेरला जरूर जावं, पण किल्ल्याच्या आत खोली घेऊ नये. तिथली खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती टंचाईची नाही.

रावळ जैसलने ११५६मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. टेकडी सुमारे ७५ मीटर उंच, तटाला ९९ बुरूज, आणि बांधकाम मुख्यतः चुन्याशिवाय, दगडाच्या खाचेत दगड बसवून केलेलं. टेकडीच्या पोटात सलग कातळ नाही. ठिसूळ दगड आणि चिकणमातीचे थर आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, गडावरच्या थोड्या विहिरी आणि बाकीचं पाणी बायका डोक्यावरून वाहून आणत, तोवर हा पाया कोरडा राहिला. पुढे नळ आले, इंदिरा गांधी कालव्यामुळे शहराला पाणी मुबलक झालं, मग घरांची हॉटेलं झाली आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर जोडलं गेलं. सांडपाण्याच्या वाहिन्या गळतात, ते पाणी मातीच्या थरांत मुरतं, माती फुगते, वाळली की आक्रसते आणि वरच्या बिनचुन्याच्या भिंतीला फुगवटा येतो. जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा आला. २०१३मध्ये राजस्थानच्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेला. तरीही ऑगस्ट २०२४च्या पावसात तटाच्या भिंतीचा एक भाग खाली आलाच.

शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरलेलं असतं. म्हणजे चौघांचं कुटुंब गडावर दोन रात्री राहिलं तर हजारेक लिटर पाणी वर चढतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मोरीतून खाली जातं. गडावर आजही काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचं पाणी बंद करा असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्नही खरा आहे. मग गडावर चहा घ्या, जेवा, कशिद्याचं काम आणि चादरी तिथूनच घ्या, तिकीट काढून राजवाड्याचं संग्रहालय पाहा. अंघोळ मात्र खाली करा. धिब्बा पाडा, गांधी चौक, गडीसर रस्ता या भागांत हव्या त्या दराच्या खोल्या मिळतात, आणि गच्चीवरून किल्ला दिसतो. किल्ल्यात राहिलं तर तोच दिसत नाही.

बुकिंग करताना फसगत होते ती नावामुळे. खालच्या कितीतरी हॉटेलांच्या नावात ‘फोर्ट’ असतं आणि वरच्या काहींच्या नावात नसतं. त्यामुळे फोनवर एकच प्रश्न विचारावा: अखै पोळच्या आत की बाहेर? आत असेल तर सामान उचलून अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे चढावे लागतात, कारण टॅक्सी गोपा चौकातच सोडते. फरसबंदीचा दगड वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झाला आहे. रबरी तळाचे बूट घालावेत, गुळगुळीत चपलांनी उतरताना पाय घसरतो.

गडावरची जैन मंदिरं १२व्या ते १६व्या शतकातली आहेत. बाहेरच्यांसाठी ती साधारण सकाळीच उघडी असतात, दुपार झाली की दार बंद. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स बाहेर ठेवावी लागते, म्हणून त्या दिवशी कापडी पिशवी न्यावी. म्हणजे क्रम असा: आठच्या सुमारास मंदिरं, नंतर राजवाडा, ऊन चढलं की खाली उतरून पटवों की हवेली. हवेल्या पाच आहेत, एकाच व्यापारी घराण्याच्या, १९व्या शतकात उभ्या राहिलेल्या. पाचही आतून पाहायचा हट्ट धरू नये. एक नीट पाहावी आणि उरलेल्यांचे झरोके गल्लीतून. किल्ला पिवळाधमक दिसतो तो सूर्य मावळताना, शहराच्या वायव्येकडच्या व्यास छत्रीवरून. सहलीच्या बसगाड्या त्या वेळी वाळूकडे पळालेल्या असतात.

वाळूबद्दलही थोडं सांगायला हवं. जैसलमेरच्या आसपास बहुतेक जमीन खडकाळ माळ आहे, टेकड्याटेकड्यांची वाळू ठरावीक पट्ट्यांतच सापडते. त्यातला सम शहरापासून ४० किलोमीटरवर आणि खुड़ी साधारण तितकंच दूर, नैर्ऋत्येला. समला ओळीने तंबू, जीपगाड्या, रात्री ध्वनिक्षेपक. खुड़ीला गर्दी कमी, वाळूही कमी. शांतता हवी असेल तर खुड़ीच बरं. उंटाची फेरी ठरवताना ‘सनसेट पॉइंटपर्यंत’ असं ठरवू नये, मिनिटांवर ठरवावं. नाहीतर पॉइंट दोनशे पावलांवर येतो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसताना आधी पुढचे दुमडतो. दोन्ही वेळा माणूस पुढे फेकला जातो, म्हणून दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची खुंटी धरून ठेवायची. पूर्ण लांबीची सुती पॅन्ट घालावी, मांड्या सोलवटतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला तासभर पुरे.

समच्या वाटेवर राष्ट्रीय मरुउद्यान लागतं, ३,१६२ चौरस किलोमीटरचं. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्या माळढोकासाठी अभयारण्य केलं आणि जो तिथून जवळजवळ गेलाच, त्याचा देशातला शेवटचा मोठा आसरा हा. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. दिसेलच अशी आशा ठेवू नये, पण परवानगी काढून सकाळी लवकर सुदासरीच्या बाजूला गेलं तर चिंकारा तरी नक्की दिसतात. रात्री मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या तंबूवाल्याला निदान आपण तरी ‘आणखी वाढव’ म्हणू नये.

कुलधरा हे ओस गाव शहरापासून १८ किलोमीटरवर आहे. मार्गदर्शक तिथे भुताटकी विकतात आणि आपले लोक ती विकत घेतात. पाहण्यासारखी गोष्ट गावाच्या बाहेर आहे: पालीवाल ब्राह्मणांचे खडीन. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवायचं. ते तिथेच मुरू द्यायचं आणि ओल धरलेल्या जमिनीत रब्बीला गहू-हरभरा पेरायचा. कालवा नाही, मोट नाही. खाब्याच्या बाजूला हे बांध आजही वापरात दिसतात. पाऊस बरा झालेला असेल तर डिसेंबर-जानेवारीत माळाच्या मधोमध हिरवा गहू उभा असतो. गडीसर तलावालाही याच नजरेने अर्धा तास द्यावा, नुसतं नावेत बसून परतू नये. १४व्या शतकात रावळ गडसीने बांधलेल्या या तळ्यावर अख्खं शहर जगलं.

आता आखणी. ‘जयपूर-बिकानेर-जैसलमेर-जोधपूर-उदयपूर, सात दिवस’ हा जाहिरातीतला क्रम कागदावर छान दिसतो. अंतरं मांडली की कळतं: ३३० अधिक ३३० अधिक २८० अधिक २५०, म्हणजे जवळजवळ १,२०० किलोमीटर, दिवसाउजेडी बावीस-चोवीस तास गाडीत. किल्ले पाहायची वेळ दुपारी एक ते तीन उरते, आणि तीच सगळ्यात वाईट. त्यापेक्षा जयपूर-उदयपूर दुसऱ्या खेपेला ठेवावं. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथे दोन रात्री, जैसलमेर तीन, बिकानेर एक, आणि नागौरवरून परत जोधपूर. हा फेरा साधारण ८७० किलोमीटरचा होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तारखा त्याच सकाळी संपतात, म्हणून परतीचं तिकीट आधी पाहावं आणि जाण्याचं नंतर.

जोधपूरच्या मेहरानगडाला (राव जोधा, १४५९) अडीच-तीन तास लागतात. लिफ्टने वर जाता येतं, पण गुडघे धड असतील त्यांनी जय पोळपासून चालतच जावं. दरवाज्याआधीचं वळण हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून आहे, दारांवरचे खिळेही त्यासाठीच, आणि वाटेत एका दरवाज्यावर जयपूरच्या फौजेच्या तोफगोळ्यांचे खड्डे अजून दिसतात. लिफ्टने गेलेल्याला यातलं काही कळत नाही. नवरात्रात गडावरच्या चामुंडा देवीला प्रचंड गर्दी असते. २००८च्या घटस्थापनेला तिथे चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक माणसं गेली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन त्या नऊ दिवसांत जाऊ नये. किल्ल्याचा फोटो सकाळी जसवंत थडा या संगमरवरी स्मारकाच्या बाजूने चांगला येतो. पायथ्याच्या राव जोधा मरुउद्यानात ७० हेक्टर खडकावरून परदेशी बाभूळ खणून काढून मूळची मरुवनस्पती पुन्हा लावली आहे. झाडांची आवड असणाऱ्यांनी ते चुकवू नये. उमेद भवनचा फक्त संग्रहालयाचा भाग पाहता येतो. वेळ कमी असेल तर तोच गाळावा.

जोधपूर-जैसलमेर वाटेवर पोखरणजवळ रामदेवरा आहे. भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात बाबा रामदेवांच्या जत्रेला पायी जाणाऱ्यांनी तो रस्ता भरून जातो, पाच तासांचे आठ होतात. जैसलमेरहून बिकानेरला जाताना फलोदीला थोडं वळून खीचनला सकाळी पोचावं. हिवाळ्यात हजारो कुरजां (करकोच्यासारखे स्थलांतरित) पक्षी गावकरी टाकतात त्या दाण्यावर उतरतात. याच फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. शाळेच्या सुट्टीत मे महिन्यातच जायला जमतं असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवसा सुती सदरा पुरतो आणि पहाटे पारा पाच-सात अंशांवर येतो. तंबूत राहणार असाल तर कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

बिकानेरचा जुनागड (१५८९ ते १५९४, राजा रायसिंह) सपाट जमिनीवर आहे. ज्येष्ठांना सगळ्यात सोपा किल्ला हाच. घाई करणारे मार्गदर्शक अनूप महालाच्या सोन्याच्या कामापाशी गट थांबवतात आणि बादल महाल उरकतात. तिथे भिंतीभर निळे ढग आणि पावसाच्या सरी रंगवल्या आहेत. ज्या मुलखात पाऊस वाट पाहायला लावतो तिथल्या राजाने हौसेने काय रंगवून घेतलं, ते पाहायला गटातून जरा मागे राहावं.

परतीच्या वाटेवरचं नागौर मराठी सहलींच्या यादीत क्वचितच असतं. जयाप्पा शिंद्यांनी १७५४-५५मध्ये मारवाडच्या विजयसिंहाला याच किल्ल्यात कोंडलं, आणि १७५५च्या जुलैमध्ये बोलणीच्या मिषाने आलेल्या मारेकऱ्यांनी इथल्याच छावणीत त्यांचा खून केला. शहरालगत ताऊसरला त्यांची छत्री आहे. किल्ल्याची दुरुस्ती उत्तम झाली असून पाण्याचे हौद, कारंजी, भिंतीवरची चित्रं पाहायला दीड तास पुरतो. बिकानेरहून ११०-११५ किलोमीटर, पुढे जोधपूर १३५. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, नाहीतर तो शहरात न शिरता गाडी सरळ जोधपूरकडे काढतो.

आपला,
एक वाचक, ठाणे